घंगाळातली फुलं

डेकोरेशनचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा मी सकाळच्या स्टँडअपमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि पीडीएफ उघडली. चौदा पानं. पहिल्या पानावर माझं आणि त्याचं नाव वळणदार अक्षरांत, मागे फिकट तपकिरी रंगात वाड्याचं दार. थीमचं नाव ‘विंटेज वाडा’. पुढे यादी : लोखंडी ट्रंक २ नग, ग्रामोफोन १, शिलाई मशीनचा स्टँड १, कंदील १२, पितळी उरली ४, टोपलीवाली सायकल १. आणि अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत : फुले ८० टक्के आर्टिफिशियल, २० टक्के फ्रेश. सगळी फ्रेश हवी असल्यास दर वेगळे.

ही थीम माझीच निवड होती, हे आधीच कबूल करते. लग्न ठरलं २०२४च्या जुलैमध्ये, पण इन्स्टाग्रामवरचा माझा ‘सेव्ह’चा फोल्डर त्याच्या दोन वर्षं आधीपासून भरत आला होता. जुन्या खिडक्या, त्यांतून उतरणारी पांढरी फुलं, पितळेची भांडी, पिवळे दिवे. मी हिंजवडीत दिवसभर पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहिते. संध्याकाळी बसमध्ये मान खाली घालून हे फोटो बघायचे, एवढाच माझा छंद. त्या फोटोंतली किती फुलं खरी असतील, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि मी फूलवाल्या शेतकऱ्याची मुलगी आहे.

आमचं गाव नगर तालुक्यात, अकोळनेरच्या पट्ट्यात. अकोळनेर म्हणजे फुलांचं गाव, हे नगरमध्ये कुणालाही विचारा. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, बिजली, गुलछडी. पहाटे दव असतानाच बाया वाफ्यांत उतरतात, दुपारपर्यंत तोडा उरकतो, संध्याकाळी टेम्पो भरतो. रात्रीतून माल पुण्याच्या गुलटेकडीला, नाहीतर कल्याण-दादरला. आमच्या लहानपणी घरात कायम शेवंतीचा वास असायचा, पण देवापुढे मात्र दोनच फुलं. बाकीची मार्केटची. ‘फुलं विकायला असतात, लावायला नाही,’ असं आजी म्हणायची. ती स्वतः कधी गजरा माळायची नाही.

कोटेशन घेऊन मी शनिवारी घरी गेले. अण्णांनी चष्मा लावून चौदाही पानं वाचली. फोनवर दोन बोटांनी आकडे मोठे करत करत. स्टेजच्या मागच्या ‘फ्लॉवर वॉल’पाशी थांबले. पंच्याऐंशी हजार.

“ही फुलं प्लास्टिकची?”

“कापडाची असतात अण्णा. सिल्क म्हणतात. भाड्याने.”

“म्हणजे परत घेऊन जाणार?”

“हो.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वीस रुपयांनी झेंडू धरला तर सव्वाचार टन होतो याच्यात.” एवढंच. टोमणा नव्हता तो. अण्णांना सगळ्याच रकमा झेंडूत करून बघायची सवय आहे. माझा पहिला पगारही त्यांनी असाच मोजला होता.

खरं म्हणजे ती सवय तेव्हा जुनी झाली होती. कारण चार वर्षांत आमच्या शेतात एकही फूल लागलं नव्हतं.

२०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्याला झेंडूला भाव असतो आणि पुढे लग्नसराई, म्हणून अण्णांनी तीस गुंठे झेंडू बरोबर त्या बेताने लावला होता. तोड सुरू झाली आणि २२ तारखेला जनता कर्फ्यू आला. भरलेले क्रेट पडवीत राहिले, टेम्पो आला नाही. मग २४च्या रात्री टीव्हीवर घोषणा झाली आणि विषयच संपला. मार्केट बंद, देवळं बंद, लग्नं बंद. कांदा चाळीत टाकता येतो. झेंडू कुठे टाकणार? आठवडाभर ती फुलं शेतात उभ्या उभ्या वाळली. मग अण्णांनी रोटाव्हेटर घातला.

मी तेव्हा घरीच होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, कंपनीने लॅपटॉप देऊन गावी पाठवलं होतं. ज्या सकाळी रोटा चालला त्या वेळी माझी मीटिंग होती. ट्रॅक्टरचा आवाज पलीकडे जात होता, कुणीतरी म्हणालं, ‘तुझ्याकडे बॅकग्राउंडला खूप नॉइज आहे.’ मी सॉरी म्हणाले आणि उठून खिडकी लावून घेतली. काचेतून अण्णांची पाठ दिसत होती. माझं सगळं लक्ष समोरच्या स्क्रीनवर होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यानंतर अण्णांनी कांदा केला, सोयाबीन केलं, घासही केला. फुलाचं नाव काढलं नाही. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून त्या शनिवारी मी जे म्हणाले ते म्हणायला मला चार वर्षं लागली होती की मी नुसतीच आगाऊपणा करत होते, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही. मी म्हणाले, “अण्णा, आपण लावायची का फुलं? लग्नासाठी?”

ते म्हणाले, “तुझ्या त्या फोटोसाठी?”

मला उत्तर सुचलं नाही. कारण हो, फोटोसाठीच.

ते उठून गेले. रात्री जेवताना मात्र आपणहून बोलायला लागले, आणि तेही थेट तारखांवरून. लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. शेवंती आता होणार नाही, ती एप्रिल-मेपासून जूनपर्यंत लावावी लागते. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळी धरते. उशिरा लावली तर रोप वाढण्याआधीच फुलावर येणार आणि हातात काही पडणार नाही. गुलछडीचे कंद आता लावून उपयोग नाही. अ‍ॅस्टर जमेल. ऑगस्टअखेर बी टाकायचं, सप्टेंबरअखेर लागण, तिथून सत्तर दिवस. राहुरी कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ वाण आहेत, पांढरा, गुलाबी, जांभळा. “तुझ्या विंटेजला पांढरा चालंल ना?” आणि झेंडूची रोपं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावायची, दोन महिन्यांनी फूल.

आम्ही ऑफिसात रिलीजच्या तारखेवरून उलटं मोजत येतो तसंच हे चाललं होतं, फक्त कागद नव्हता. मी पोरकटपणे एक्सेल उघडली आणि भरायला लागले. अण्णा म्हणाले, “त्यात पाऊस कुठं लिहिणार?”

नंतरचे दोन महिने मी डेकोरेशन शिकत होते. विंटेज डेकोरवाल्याचं पुण्यातलं गोडाऊन बघून आले. पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या आज्यांचे संसार रचून ठेवलेले. ट्रंका, फडताळं, पाट, दिवाणाचे पाय, बिनकाट्यांची घड्याळं. ग्रामोफोन नवाच होता, कर्ण्याला मुद्दाम काळपट पॉलिश मारलेलं. आणि ती ‘उरली’. नाव दक्षिणेकडचं. त्यातल्या दोन खऱ्याच उरल्या होत्या, पसरट आणि जाड. उरलेली दोन मात्र आमची साधी घंगाळं होती, दोन बाजूंना कडी असलेली, आंघोळीच्या पाण्याची. एका दिवसाचं भाडं एका नगाला दीड हजार.

आमच्याकडे असं घंगाळ होतं. तांब्याचा बंबही होता, दोन हंडे होते. नगर एकेकाळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जायचं. आजीच्या लग्नातली भांडी तिथूनच आलेली. मी शाळेत असताना घरात गॅसचा गिझर आला आणि आईने ते सगळं मोडीत काढलं. वजनावर. त्या पैशांत स्टीलचा डबल डोअर फ्रिज आला. मी फोनवर आईला भाड्याचा आकडा सांगितला तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, “तो बंब घासायला तू येत होतीस का?” चिंच आणि राख लावून दर आठवड्याला ती भांडी कोण घासायचं, हे ‘विंटेज’वाल्या कुठल्याच फोटोत नसतं. आईच्या मते त्या भांड्यांचं सर्वात चांगलं काय झालं असेल तर ती गेली.

तरी एक घंगाळ राहिलं होतं. गोठ्यात. त्यात पेंड भिजवायचे म्हणून ते मोडीतून सुटलं. बुडाला पोचा, एक कडी गायब. मी ते घासायला घेतलं आणि अर्ध्या तासात खांदे भरून आले. आई दारात उभी राहून बघत होती. मदतीला आली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

फुलं टिकवण्याचा प्रश्न वेगळाच. डेकोरेशनवाले फुलं खोचायला जी हिरवी वीट वापरतात, पाणी पिणारी, तिला सगळे ‘ओएसिस’ म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा फोम. तो कुजत नाही, त्याचा बारीक चुरा होऊन पाण्यात-मातीत राहतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. हे वाचता वाचता मला कॉन्स्टन्स स्प्राय नावाची बाई सापडली. १९३०च्या दशकात लंडनच्या श्रीमंत घरांत ती फुलांची सजावट करायची. कोबीवर्गातल्या केलची पानं, रानातल्या वेली, वाळक्या शेंगा असलं काहीही ती वापरायची, आणि भांडी म्हणून स्वयंपाकघरातली जुनी पात्रं. राणी एलिझाबेथच्या १९५३च्या राज्याभिषेकाच्या फुलांच्या कामातही ती होती. मला तिच्यातलं सगळ्यात आवडलं ते एवढंच, की तिला फोम लागत नव्हता. ती तारेची जाळी चुरगाळून भांड्यात बसवायची.

माळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या फुलारीकाकांना मी ही जाळीची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “केळीचा खुंट घ्यायचा.” केळीचं खोड आडवं कापायचं, त्यात काड्या खोचायच्या. खोड स्वतःच पाण्याने भरलेलं असतं, दिवसभर फूल ताजं राहतं, काम झालं की गाईला टाकायचं. देवळांतल्या पूजा ते वर्षानुवर्षं अशाच बांधतात. काकांच्या दुकानात समोर प्लास्टिकच्या माळा लटकत होत्या, गाड्यांना लावायच्या. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. “ह्या सुकत नाहीत, उधारीवर राहत नाहीत,” ते म्हणाले. “ताजा हार संध्याकाळी कोण घेतं?”

सासरकडची मंडळी नाशिकची. माणसं चांगली, पण सासरे इंजिनिअर. ते एकदा सहज म्हणाले, “फोटोत तर दोन्ही सारखीच दिसतात ना?” दिसतात. मी झूम करून बघितलंय, खरंच फरक कळत नाही. उलट सिल्कचा गुलाब फोटोत जास्त ताजा दिसतो. माझ्याकडे यावर मुद्दा नव्हता. मी म्हणाले, “वास येत नाही.” ते म्हणाले, “फोटोला?” आम्ही दोघंही हसलो, आणि शेवटी तोड अशी निघाली की लॉनची बाहेरची कमान आर्टिफिशियलच राहील, कारण ती आदल्या दिवशी उन्हात उभी करावी लागते. स्टेज, मधला रस्ता, जेवणाकडची बाजू आमची.

ऑक्टोबरमध्ये दर शनिवारी मी गावी. झेंडूची रोपं महिन्याची झाली तेव्हा अण्णांनी मला शेंडे खुडायला लावलं. शेंडा खुडला की फांद्या फुटतात, फुलं वाढतात, पण आठवडाभर उशिरा येतात. अर्ध्या ओळी खुडल्या, अर्ध्या तशाच ठेवल्या. मी विचारलं, का? “कोणती कामाला येईल आत्ताच कसं सांगू?” आम्ही याला बफर म्हणतो आणि क्लायंटला त्याचे पैसे लावतो.

न खुडलेल्या ओळी आधी आल्या. नोव्हेंबरच्या शेवटी शेत पिवळंधमक, आणि लग्नाला दोन आठवडे. दिवाळी होऊन गेलेली, भाव पडलेले. चार वर्षांनी अण्णांनी क्रेट भरले आणि टेम्पोत चढवले. मी पुण्यात होते, आईने व्हिडिओ पाठवला. त्यात अण्णा काहीच बोलत नाहीत, फक्त टेम्पोवाल्याला ‘वरती वजन ठेवू नको’ म्हणतात. मी तो ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितला.

खुडलेल्या ओळी बरोबर लग्नाच्या आठवड्यात येणार होत्या. पण डिसेंबर लागता लागता बंगालच्या उपसागरात फेंगल वादळ आलं. ते तिकडे तामिळनाडूत धडकलं तरी आभाळ आमच्याकडे भरलं. तीन-चार दिवस ऊन नाही, एका रात्री भुरभुर. झेंडूचं फूल पाणी धरून ठेवतं. पाकळ्यांच्या आत काळं पडायला लागतं आणि वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. अण्णांनी एक फूल उलटं करून दाखवलं. “हे हार ओवायला घेतलं तर दुपारी वास मारंल.” जवळपास निम्मी फुलं गेली. एक्सेलमध्ये खरंच पाऊस नव्हता.

अ‍ॅस्टर मात्र उभा राहिला. आणि शेवंती गावातल्या दोन घरांतून घेतली, झेंडूची कमीही तिथूनच भरली. मार्केटच्या भावाने. ‘लग्नाचं आहे, पैसे राहू द्या’ असं म्हणणाऱ्यांनाही अण्णांनी पैसे दिले. फुलाचा धंदा त्यांना माहीत होता.

आदल्या दिवशी मांडवडहाळे. बैलगाडी मिळाली नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आंब्याचे, जांभळाचे, उंबराचे डहाळे घालून वाजत गाजत मारुतीच्या देवळापासून घरी आणले. ते दारातल्या मांडवावर चढवले तेव्हा ओल्या पानांचा जो वास सुटला, त्यापुढे माझी थीम मला एकदम पीडीएफसारखी वाटायला लागली. पण थीम होतीच, आणि तिला रात्री बसायचं होतं. लॉनवर रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत आम्ही पंधरा जण होतो. आत्या, मावश्या, गावातल्या तोडणीच्या चार बाया, माझ्या ऑफिसातले तिघे. कोड रिव्ह्यूला चुका काढणारा आमचा टीम लीड केळीच्या खुंटात अ‍ॅस्टरच्या काड्या खोचत होता आणि तोडणीवाली एक मावशी त्याच्या काड्या काढून परत लावत होती. “दाटीनं नको भाऊ, फुलाला श्वास घेऊ द्या.”

डेकोरवाल्याकडून मी शेवटी फक्त कंदील आणि एक जुनी खिडकी भाड्याने घेतली. घंगाळ आमचंच. पोचा मागे केला, पाणी भरलं, वर गुलाबाच्या पाकळ्या, मधे पणत्या, आणि स्टेजच्या डाव्या हाताला ठेवलं. सकाळी पहिल्यांदा आलेल्या आजीच्या बहिणीने ते बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “अगं, आंघोळ कोणाची राहिलीय?” दिवसभर तो विनोद चालला. सासऱ्यांनी त्यापुढे उभं राहून दोन फोटो काढून घेतले.

दुपारी तीनपर्यंत गुलाबाच्या पाकळ्या कडेने काळवंडल्या. फोकसच्या बाजूची शेवंती माना टाकायला लागली होती. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, ही बाजू फ्रेममध्ये नको.” बाहेरची सिल्कची कमान होती तशीच होती. कबूल करायला हवं की त्या वेळी मला तिचा थोडा हेवा वाटला. संध्याकाळी पाठवणीच्या गडबडीत कुणीतरी गुलछडीच्या काड्या, ज्या दिवसभर अर्धवट मिटलेल्या होत्या, त्या उमलल्याचं दाखवलं. कुणी फोटो काढला नाही, सगळे रडत होते.

सोळाव्या दिवशी आम्ही गावी गेलो तेव्हा अण्णांनी मला एक कागद दिला. पट्टी. मार्केटला माल गेल्यावर आडतदार देतो तशीच, वहीच्या पानावर हाताने लिहिलेली. अ‍ॅस्टर इतक्या जुड्या, दर इतका. झेंडू इतके किलो. शेवंती, गुलछडी दुसऱ्यांकडची, त्यांचे भाव वेगळे. खाली हमाली, तोलाई, वाहतूक. कमिशनच्या जागी एक आडवी रेघ. एकूण रक्कम त्या फ्लॉवर वॉलच्या निम्मीही नव्हती.

मला आधी वाईट वाटलं. मुलीच्या लग्नाच्या फुलांची कोणी पट्टी करतं का? मी तसं म्हणालेही. अण्णा म्हणाले, “डेकोरेशनवाल्याला देणार होतीस ना?”

मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले. त्यांच्या फोनची बेल वाजली, त्यांनी मेसेज उघडून आकडा पट्टीशी ताडून बघितला आणि पेनाने पट्टीवर ‘पावले’ लिहिलं.

पुढच्या वर्षी, २०२५च्या पावसाळी अधिवेशनात, प्लास्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी विधानसभेत झाली. बंदी आणू, असं फलोत्पादन मंत्र्यांनी जाहीर केलं. मी बातमीची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. अण्णांनी अंगठा दिला. मी फोन करून विचारलं, बंदी आली तर भाव वाढतील का? ते म्हणाले, “भावाचं काय, पाडव्यापर्यंत कळंल. तू आधी हे सांग, त्या पांढऱ्या अ‍ॅस्टरचं बी तुझ्या बॅगेत गेलंय का? मी सगळीकडं शोधतोय.”

माझ्याच बॅगेत होतं, लग्नाच्या पाकिटांबरोबर. कुरिअर केलं.